चोखोबाची जागा

आमचा आजा वारकरी. महार वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, काखेत टाळ. दर आषाढीला पायी पंढरपूर. पण त्यानं विठोबा पाहिलेला नव्हता. महाद्वारापर्यंत जायचा, चोखोबाच्या समाधीवर डोकं ठेवायचा, वर कळसाला हात जोडायचा नि मागं फिरायचा. त्याच्या बापानं तेच केलं होतं, बापाच्या बापानंही तेच.

पोरवयात मी त्याला विचारलं, "आज्या, देव दिसत नव्हता तर जात कशाला होतास?"

म्हणाला, "आरं, म्या द्येव बघाया कुटं जात हुतो? चोखोबाला भेटाया जात हुतो. आपला मानूस हाय त्यो."

ही भक्ती होती की नुसती पिढीजात सवय? आज्याला हा प्रश्न पडला नाही. मला पडला आणि त्यासाठी मागं जावं लागलं.

चोखामेळा मंगळवेढ्याचा. बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. एका महार घरातली ही पाच माणसं चौदाव्या शतकात अभंग रचत होती. चोखा देवाशीही जोहार घालून बोलतो. पाटलापुढं उभ्या राहिलेल्या येसकरासारखा बोलतो. आपल्या हीन जन्माचं खापर मागल्या जन्मीच्या पापावर फोडतो. पण सोयराबाई विचारते, विटाळ देहातच आहे तर विटाळावाचून जन्मलेला कोण? कर्ममेळा तर देवालाच खडसावतो, असला जन्म का दिलास म्हणून. म्हणजे एकाच घरात शरणागतीही होती आणि जाबही होता. पोथ्या-पुराणांनी शरणागती तेवढी उचलली.

१३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. महार वेठीला धरलेले. कूस ढासळलं, चोखा त्याखाली सापडून मेला. परंपरा सांगते की नामदेव तिथं गेला, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोख्याची म्हणून ओळखली, पंढरीला आणली नि महाद्वारासमोर पुरली. सोबत दबून मेलेल्या बाकीच्या महारांच्या हाडांचं काय झालं? कथा त्याबद्दल गप्प आहे.

आता बघा, या जागेचं पुढं काय झालं. एका अंगाला नामदेवाची पायरी, समोर चोख्याची समाधी. रीत अशी की वारकऱ्यानं आधी चोखोबाला, नामदेवाला नमस्कार करायचा, मग आत विठोबाकडं जायचं. लाखो सवर्ण डोकी एका महाराच्या हाडांपुढं शतकानुशतकं वाकली. आणि शेजारी उभा राहिलेला जिता महार? त्याची सावली चुकवून तीच माणसं आत गेली. मेलेला महार वंदनीय, जिता महार विटाळ. १३३८ पासून १९४७ पर्यंत मोजा. ६०९ वर्षं.

ती माणसं दुष्ट होती असं मी म्हणत नाही. कीर्तनात चोख्याची कथा लागली की त्यांच्या डोळ्यांतून खरंच पाणी यायचं. पण कीर्तन ऐकायला आलेला महार मांडवाच्या भाईर बसलाय, हे त्या पाणावलेल्या डोळ्यांना दिसत नव्हतं. सवय म्हणतात ती हीच. चोख्याची भक्ती खरी होती, तिच्याबद्दल माझा वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की खऱ्या भक्तीनं दार उघडलं नाही. उलट रूढीनं त्या भक्तीलाच दाराबाहेरची एक जागा नेमून दिली आणि जागेला नमस्कार करून मोकळी झाली.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते त्यात झिजले, लोकांनी दगड खाल्ले. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. संतांनी देवापुढं माणसं सारखी आहेत असं सांगितलं, पण माणसामाणसांतली जात मोडायला ते उभे राहिले नाहीत, हे त्यांनी गांधींना उत्तर देताना लिहिलं. आणि हेच बाबासाहेब १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण यावरचा आपला ग्रंथ कुणाला अर्पण करतात? नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना. वाट टाकली, माणूस टाकला नाही. आज्याच्या बोलण्याचा अर्थ मला इथं लागला.

मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर खुलं करायचं ठरलं. गुरुजींची तळमळ खरी होती, ते आपण मान्य करू. पण तेव्हाची एक गोष्ट अजून सांगितली जाते. महार-मांग आत येणार म्हणून काही कर्मठांनी मंत्र म्हणून मूर्तीतलं देवपण एका घागरीत काढून घेतलं. म्हणजे अस्पृश्यांच्या वाट्याला आला तो नुसता दगड. देवाला घागरीत भरता येतं असं मानणाऱ्यांना देव कधी भेटला असेल का?

आजा त्यानंतर एकदा आत जाऊन आला. आजीनं विचारलं, कसा हाय इठोबा? तर म्हणाला, "बरा हाय. पर चोखोबा भाईरच हाय की अजून."

त्याच पंढरपुरात गाडगेबाबा होते. वारीला यायचे, पण हातात खराटा. माणसांनी केलेली घाण झाडायचे नि रात्री कीर्तनातून विचारायचे, कोंबडं-बकरं खाणारा देव कसला? चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, पोरांच्या शिक्षणासाठी. माझ्या लेखी त्या वारीतली खरी पूजा ती.

बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क जायला मात्र २०१४ साल उजाडलं. १९७३ चा कायदा होऊनही सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण चाललं. दक्षिणेवरचा हक्क सुटता सुटत नाही. त्याला भक्ती म्हणायचं तर म्हणा.

१९५६ नंतर आज्यानं घरातले देव भीमेत सोडले. माळ काढली. टाळ ठेवले. त्याच टाळांवर वस्तीत बाबासाहेबांची गाणी सुरू झाली. आजा म्हणायचा, "टाळाचा काय गुन्हा?"

इथवर दुसऱ्यांचं झालं. आता आपलं बोलू.

आज आपल्या वस्तीत विहार आहे. पौर्णिमेला मेणबत्त्या लागतात, त्रिसरण-पंचशील पाठ म्हटलं जातं. मीही म्हणतो. म्हणताना ध्यान कुठं असतं ते माझं मला ठाऊक. चौदा एप्रिलला डीजे लागतो, फोटोला हाराचं ओझं होतं. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर रंगवल्यात आणि त्याच भिंतीपलीकडच्या घरात लग्नाचा मुहूर्त गुपचूप काढला जातो. मातंगाच्या पोराला पोरगी द्यायची म्हटलं की आपल्यातल्या कितीजणांचा जयभीम घशात अडकतो? चोख्याला दाराशी बसवून नमस्कार करणाऱ्यांना आपण सहाशे वर्षांचा हिशेब विचारतो. बाबासाहेबांना भिंतीवर बसवून आपण दुसरं काय करतोय?

विहारात एक कपाट आहे. बाबासाहेबांचे सगळे खंड त्यात आहेत, वर्गणी काढून आणलेले. कपाटाला कुलूप आहे. मागच्या महिन्यात मला एक खंड हवा होता. किल्ली कुणाकडं आहे म्हणून मी चार घरं हिंडलो. कुणालाच माहीत नव्हतं.