किल्ल्यातील दोन खांब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनीच मला प्रथम बेळगावचा किल्ला दाखविला. निपाणीहून आम्हां दहा-बारा मुलांना ते एस.टी.ने घेऊन गेले होते. कमल बस्तीत त्यांनी आम्हांला चक्क उताणे निजविले व वर पाहावयास सांगितले. छतातून खाली उमललेले ते दगडी कमळ मी आजवर विसरलो नाही. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने हे जिनालय १२०४ मध्ये उभारले. त्यास दिलेल्या दानांची नोंद करणारे शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जमीन आपली, सातबारा परदेशी!

रट्टांनंतर यादव आले, १४७३ मध्ये महमूद गावानाने किल्ला घेतला, मग आदिलशाही, मराठे आणि १८१८ मध्ये इंग्रज. हा क्रम पाठ्यपुस्तकात सापडेल. मला सांगावयाचे आहे ते सफा मशिदीविषयी.

आदिलशाही सरदार असदखान याने ही मशीद १५१९ मध्ये बांधविली. तीत जुन्या मंदिरांचे खांब वापरलेले आहेत आणि त्यांपैकी दोहोंवर सुरेख नागरी लिपीतील लेख आहेत. महाविद्यालयात असताना ती अक्षरे पाहून मी हरखून गेलो. तो काळ सीमालढ्याचा. १९५६ मध्ये बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेल्याची जखम ओली होती. मी तडक महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लेख लिहिला : मराठीचा पुरावा दगडातच कोरलेला आहे!

अंक निघाल्यावर आमच्या कानडीच्या प्राध्यापकांनी मला बोलावून घेतले. रागावले नाहीत. लेखांच्या ठशांची छायाचित्रे टेबलावर ठेवून म्हणाले, "वाच." अक्षरे मी वाचीत गेलो, अर्थ मात्र त्यांना सांगावा लागला. लिपी नागरी, भाषा कानडी! एक लेख ११९९ चा, त्याच कार्तवीर्याच्या काळातील. दुसरा १२६१ चा, यादव राजा कृष्ण याचा. ज्या देवगिरीच्या यादवांना आपण मराठीचे पोशिंदे म्हणून गौरवितो, त्यांचाच लेख येथे कानडीत होता. माझी मान खाली गेली.

सीमाप्रश्नावरील माझे मत त्या दिवशी बदलले नाही, आजही बदललेले नाही. परंतु ते मत या भागात मराठी बोलणाऱ्या हयात माणसांच्या आधारावर उभे आहे. तेराव्या शतकातील खांबाला साक्षीस ओढण्याचे कारण नव्हते. जिनालयाशेजारी मशीद, मशिदीत मंदिराचे खांब आणि खांबांवर आमच्या लिपीत त्यांची भाषा. अशा साक्षीदाराची उलटतपासणी कोणत्याच पक्षाला परवडणारी नाही.

पुढे त्याच प्राध्यापकांकडे मी दोन वर्षे हळेगन्नड शिकलो. माझे उच्चार ऐकून ते शेवटपर्यंत हसत असत.