विधि-नियतकालिके, विद्यार्थिसंपादित
विधि-महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी स्वतः संपादिलेली व चालविलेली विधिविषयक नियतकालिके. बाँबे लॉ रिपोर्टर (१८९९) यासारख्या न्यायनिर्णय छापणाऱ्या पत्रिकांहून ती भिन्न असून निर्णयांची व अधिनियमांची चिकित्सा हे त्यांचे मुख्य कार्य होय. वैद्यक, अभियांत्रिकी वा अन्य शास्त्रांत असा प्रकार क्वचितच आढळतो. तेथे विद्वानांचे लेख विद्वानच पारखतात. विधीच्या क्षेत्रात मात्र प्राध्यापकाचा लेख स्वीकारावा की नाकारावा, हे विशी-पंचविशीतील विद्यार्थी ठरवितात.

या प्रथेचे माहेरघर अमेरिका. हार्व्हर्ड लॉ रिव्ह्यू १८८७ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केले व त्याचाच कित्ता येल (१८९१), कोलंबिया (१९०१) इ. विद्यापीठांत गिरविला गेला. संपादकांची निवड प्रथम वर्षाचे गुण आणि लेखनस्पर्धा यांवरून होते. लेख स्वीकारल्यावर त्यातील प्रत्येक तळटीप मूळ निर्णयाशी ताडून पाहणे हे कनिष्ठ संपादकांचे काम असते. हे काम कंटाळवाणे खरे. पण कायदा काळजीपूर्वक वाचण्याचे शिक्षण त्यातूनच मिळते. संदर्भ देण्याच्या पद्धतीत एकवाक्यता यावी म्हणून या विद्यार्थ्यांनी १९२६ मध्ये सिद्ध केलेली नियमावली पुढे तेथील वकिलांनीही स्वीकारली.

अशा अंकांतील लेखाचे सामर्थ्य किती, हे एका उदाहरणावरून दिसते. बॉस्टनचे वकील सॅम्युएल वॉरन व लूइस ब्रँडाइस यांचा खाजगीपणाच्या हक्कावरील लेख हार्व्हर्ड लॉ रिव्ह्यूच्या डिसेंबर १८९० च्या अंकात आला. हा हक्क तेव्हा कोणत्याही संहितेत स्वतंत्रपणे नोंदलेला नव्हता. सव्वाशे वर्षांनंतर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तेव्हा निकालपत्रात या लेखाचा परामर्श घेतला गेला. तथापि दोषही दाखविले गेले. १९३६ मध्ये येलचे प्राध्यापक फ्रेड रॉडेल यांनी या लेखांच्या शैलीवर आणि आशयावर कडाडून टीका केली.

भारतात इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचे नियतकालिक (१९५८) प्राध्यापकांच्या संपादनाखाली निघते. विद्यार्थ्यांचे संपादन खऱ्या अर्थाने रुजले ते बंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यालयात १९८८ पासून अध्यापन सुरू झाल्यानंतर. कोलकात्याच्या विधि विद्यापीठाचे विद्यार्थिसंपादित त्रैमासिक २००८ पासून निघू लागले. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे राष्ट्रीय विधि विद्यापीठे स्थापन झाली. त्यांपैकी शेवटचे (२०१७) बीड जिल्ह्याला सर्वांत जवळचे.

अंकात कोणता प्रश्न यावा हे संपादकच ठरवितात, म्हणून बीडसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही निवड महत्त्वाची ठरते. येथील ऊसतोड कामगार नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एक ‘कोयता’ म्हणून, मुकादमाकडून ‘उचल’ घेऊन हंगामापुरते परमुलखात जातात. ही उचल १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाखाली येते काय? मालक कोण, मुकादम की कारखाना? २०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. कामाचा खाडा आणि त्याबद्दलचा दंड हे त्यामागील एक कारण सांगितले जाते. हे प्रश्न विधीच्या अभ्यासकाला कोणत्याही घटनात्मक वादाइतकेच कठीण आहेत.

अडचण भाषेची आहे. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनुसार मराठी असल्याने बीडच्या न्यायालयातील साक्षी-पुरावे मराठीत नोंदले जातात. औरंगाबाद खंडपीठाचे (१९८१) कामकाज मात्र घटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते आणि विद्यार्थ्यांची प्रमुख नियतकालिकेही इंग्रजीतच निघतात. निजामी राजवटीत बीडच्या न्यायालयांची भाषा उर्दू होती, आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ (१९१८) कायद्याचे उच्च शिक्षणही उर्दूतूनच देत असे. न्यायालयाची आणि अभ्यासाची भाषा तेव्हा एक होती, पण ती जिल्ह्यातील बहुसंख्य पक्षकारांची नव्हती.