लाल दिवा आणि काळं ग्रीस

24 मे 2014 ला कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात हिंदुस्तान मोटर्सनं काम थांबवलं आणि अँबेसिडर बनायची बंद झाली. कलकत्ता हळहळलं. तिथली पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, त्यामुळे ते साहजिक होतं. आपल्याकडे मात्र कुणी फार रडल्याचं मला तरी आठवत नाही. आठवड्याभरापूर्वीच लोकसभेचा निकाल लागला होता आणि लोकांना बोलायला दुसरे विषय होते. आता हे ऑक्टोबर 2023 शी ताडून बघा. मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा मोबाइल उघडला की काळीपिवळीच दिसत होती. जे कधी तिच्यात बसले नव्हते त्यांचेही गळे दाटून आले होते.

दोन्ही गाड्या साधारण एकाच वयाच्या, दोन्ही परदेशी जुन्या मॉडेलवरून बनवलेल्या, दोन्ही जड, तापट आणि दारं आपटून लावायच्या. मग महाराष्ट्राला एक आपली वाटली आणि दुसरी नाही, असं का? मला वाटतं, अँबेसिडर आवडते की नाही हे तुमची तिच्यातली जागा कोणती होती यावर ठरायचं. मागच्या सीटवर, स्टिअरिंगमागे, बॉनेटखाली की तिला वाट करून देत रस्त्याच्या कडेला?

मुळात ही गाडी इतका भाव खाण्यासारखी नव्हती. तिचं जन्मनाव मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज तीन. सायकली दुरुस्त करता करता मोटारी बनवायला लागलेल्या विल्यम मॉरिसनं 1913 मध्ये पहिली ऑक्सफर्ड काढली आणि पुढे अनेक पिढ्या तेच नाव चालत राहिलं. सिरीज तीन आली 1956 साली, आणि 1959 पर्यंत इंग्लंडमध्ये तिची जागा नव्या डिझाइनच्या ऑक्सफर्डनं घेतलीसुद्धा. तिकडच्या बँकवाल्याची, शाळामास्तराची, बायकोपोरांना घेऊन रविवारी समुद्रावर जाणाऱ्याची ही गाडी. इंग्रजांचं खरं प्रेम बसलं ते तिच्या धाकट्या बहिणीवर, मॉरिस मायनरवर. अलेक इसिगोनिसनं मायनरचा नमुना मधोमध कापून चार इंच रुंद केला होता, आणि गंमत म्हणजे मॉरिससाहेबांना ती गाडी बिनकवचाच्या उकडलेल्या अंड्यासारखी दिसायची. त्या अंड्याचे इंग्लंडात आजही लाड होतात. ऑक्सफर्ड सिरीज तीन मात्र तिथे हौशी लोकांपलीकडे कुणाच्या ध्यानात नाही. 1990 च्या दशकात एका कंपनीनं अँबेसिडर आयात करून ब्रिटनमध्ये विकून पाहिली. मोजक्याच खपल्या.

इथे मात्र ती 57 वर्षं जगली, कारण तिला मरू दिलं गेलं नाही. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स 1942 मध्ये ओखा बंदरात सुरू झाली आणि 1948 मध्ये उत्तरपाड्याला गेली. इकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला. मुंबईत तर त्याआधी, 1928 पासून, जनरल मोटर्स शिवडीला गाड्या जोडत होती. 1953 मध्ये सरकारनं ठरवलं की इथे टप्प्याटप्प्यानं सुटे भाग बनवायची तयारी असेल त्यानंच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेले. मोटार घ्यायची तर मुख्यतः तीनच दुकानं उरली: बिर्लांची मॉरिस, वालचंदांची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या तेही परवान्यावर. पैसे भरा, नंबर लावा आणि वर्षानुवर्षं वाट बघा. स्पर्धाच नसेल तर बदलायचं कशाला? मार्क दोन, मार्क तीन, मार्क चार असे आकडे वाढत गेले, समोरची जाळी बदलली, दिवे बदलले. आत ऑक्सफर्ड तशीच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा वाटतो. आवृत्तीचा आकडा वाढतो, लॉगिनचं पान नवं होतं आणि खाली वीस वर्षांपूर्वीचा कोड चालूच असतो, कारण त्याला हात लावायची कुणाची छाती नसते.

महाराष्ट्रात या दोन गाड्यांची वाटणी आपोआप झाली. फियाट आकारानं लहान, अंगानं हलकी आणि मुंबईत बनणारी. मुंबईची टॅक्सी ती झाली. पुण्याच्या डॉक्टरची, वकिलाची, प्राध्यापकाची गाडीही तीच. अँबेसिडर गेली सरकारात. मंत्रालय, कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद. आणि आमच्या भागात आणखी एका ठिकाणी: सहकारी साखर कारखान्यात. कोल्हापूर जिल्ह्यात, वारणा म्हणा, बिद्री म्हणा, कुंभी-कासारी म्हणा, कारखान्याच्या चिमणीबरोबर चेअरमन नावाची एक संस्था उभी राहिली, आणि त्या संस्थेचं वाहन म्हणजे पांढरी अँबेसिडर. कार्यकर्त्यांची जीप, साहेबांची अँबेसिडर. गावात ती शिरली की आत कोण आहे हे दिसायच्या आधी लोक पारावरून उठून उभे राहायचे.

गाड्यांचा मान राखायची सवय कोल्हापूरला जुनीच. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक अजूनही दसऱ्याला निघते, आणि ती चौकात आली की सोनं लुटायला जमलेल्या गर्दीतले निम्मे हात मोबाइल धरून वर जातात. पण मेबॅक राजाची होती आणि तिनं ते कधी लपवलं नाही. अँबेसिडरचं तसं नव्हतं. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाची, साधेपणाची, खादीला शोभणारी गाडी म्हणून ती मिरवायची आणि राजाच्या गाडीचं सगळं काम करायची. तिच्याबद्दलचा आकस आला तो यातूनच, असं मला वाटतं.

मागच्या सीटची बाजूही ऐकली पाहिजे. ती सीट खरोखर चांगली होती. छत उंच, त्यामुळे फेटा किंवा टोपी न काढता बसता यायचं. दार रुंद, धोतराचा सोगा सांभाळत चढता-उतरता यायचं. सीट उंच आणि सोफ्यासारखी, गुडघे पोटात घ्यावे लागत नसत. खड्ड्यात गाडी डुलायची, आपटायची नाही. ज्यांचं निम्मं आयुष्य दौऱ्यात गेलं त्यांनी ही गाडी सोडायला इतका उशीर का केला, हे या सीटवर एकदा बसलं की कळतं. अटलबिहारी वाजपेयींच्या काळात, 2003 मध्ये, पंतप्रधानांचा ताफा बीएमडब्ल्यूवर गेला. त्याआधी दीड-दोन वर्षांपूर्वी, 13 डिसेंबर 2001 ला, संसदेवर हल्ला करणारे अतिरेकी पांढऱ्या अँबेसिडरमधूनच आवारात शिरले होते. वर लाल दिवा, काचेवर गृह खात्याचा स्टिकर. सरकार म्हटलं की डोळ्यांसमोर हीच गाडी यायची, आणि त्यांना नेमकं हेच माहीत होतं.

स्टिअरिंगमागच्या माणसाला विचाराल तर तो वेगळंच सांगेल. पॉवर स्टिअरिंग नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, आणि तो कधी अडकेल सांगता येत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे थांबायचा विचार बराच आधी करायचा. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना रेडिएटर उकळणार हे गृहीत धरून पाण्याचा कॅन डिकीत. पेट्रोल पंपाजवळच वाफ होऊन गाडी बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली बसून राहायचं. हॉर्न सोडून बाकी सगळं वाजतं, हा विनोद उभ्या देशानं केला, पण तो पहिल्यांदा एखाद्या ड्रायव्हरलाच सुचला असणार. अर्थात पुढची सीटही अखंड बाकासारखी होती. ड्रायव्हरशेजारी दोघं, मागं चौघं आणि मांडीवर पोरं, असं करून याच गाडीनं ज्योतिबा, नरसोबाची वाडी आणि पंढरपूर केलेली कुटुंबं आमच्याकडे कमी नाहीत. भाड्याची अँबेसिडर, बॉनेटवर झेंडूचा हार आणि आत नवरदेव, असे फोटो घरोघरच्या अल्बममध्ये सापडतील.

मला सगळ्यात जास्त रस आहे तो बॉनेट उघडून आत वाकलेल्या माणसात. 1959 च्या सुमाराला अँबेसिडरला बी-सिरीज नावाचं 1489 सीसीचं इंजिन मिळालं. याच घराण्याचं, याच मापाचं इंजिन इंग्लंडमध्ये एमजीए या देखण्या, दोन सीटांच्या, पोरींना फिरवायच्या गाडीत होतं. तिथे त्याला दोन कार्ब्युरेटर, इथे एक आणि वर सरकारी फाइलींचं ओझं. इंजिन ओतीव लोखंडाचं: ब्लॉकही, हेडही. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर. क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग. बॉनेट उघडलं की आत हात घालायला, खरं तर अर्धं अंग घालायला, जागा. कुठला भाग काय करतो ते डोळ्यांनी दिसतं.

आता हे इंजिन कोल्हापुरात आणून ठेवा. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार अशा कारागीर-उद्योजकांनी घडवलेलं हे शहर. उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिन लागायची, ती दुरुस्त करता करता इथली माणसं ती बनवायला लागली. त्यातून फाउंड्र्या आल्या, उद्यमनगर उभं राहिलं, मग शिरोली आणि गोकुळ शिरगाव. ओतीव लोखंड हा इथला रोजचा विषय. अशा गावाला बी-सिरीज इंजिन म्हणजे घरच्या भाषेतलं पुस्तक. सिलिंडर झिजला? रीबोअर करा, नाहीतर लायनर ठोका. क्रँकवर चर पडले? ग्राइंडिंगला द्या. बुश मिळत नाही? लेथवर उतरवा. किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस मारलं नाही तर ती खटखटणार. तीही बदलता येते. पेट्रोल परवडत नाही म्हणून इंजिनच उतरवून डिझेल बसवणं हा तर राजमान्य उपाय होता. कंपनीनं स्वतःही पुढे डिझेल अँबेसिडर काढली, पण गॅरेजवाले कंपनीची वाट बघत बसणारे नव्हते.

इथे थोडं सावध व्हायला हवं. दुरुस्तीचं हे कौतुक करताना आपण विसरतो की दुरुस्ती इतकी लागायची, कारण गाडी तितकी बिघडायची. नवीकोरी गाडी आणून आधी मिस्त्रीकडे नट आवळायला न्यायची, याला परंपरा म्हणू नये. गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नसला की कारखाना काय पाठवतो त्याचा तो नमुना होता. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि जे लोक वर्षानुवर्षं अँबेसिडरच्या मजबुतीची तारीफ करत होते तेच रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांना दोष देणार नाही. सकाळी चावी फिरवली की गाडी सुरू होते, यात केवढं सुख आहे ते चोक ओढून घामाघूम झालेल्यालाच माहीत. 1980 च्या दशकाच्या मध्यात वर्षाला 24 हजारांच्या आसपास खपणारी अँबेसिडर शेवटच्या पूर्ण वर्षात अडीच हजारांच्याही खाली आली. 2013 मध्येच बीबीसीच्या टॉप गिअरनं तिला जगातली सर्वोत्तम टॅक्सी ठरवलं होतं. 2017 मध्ये तिचं नाव 80 कोटींना फ्रान्सच्या प्यूजोला विकलं गेलं. त्याच वर्षी 1 मेपासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेही उतरले.

आता ज्या अँबेसिडर उरल्यात त्यांचं पुढे काय होणार, हे तीन नियम ठरवतात. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. त्यामुळे सरकारी शेडमधल्या लाल दिव्याच्या उरल्यासुरल्या गाड्या भंगारात. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा, आणि वर पर्यावरण कर. तिसरा नियम 2021 चा, व्हिंटेज गाड्यांचा. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला 20 हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. रोजच्या वापराला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली वगैरेंपुरती चालवायची. म्हणजे 2014 मध्ये विकलेली शेवटची अँबेसिडर 2029 मध्ये ‘जुनी’ होईल आणि ‘वारसा’ व्हायला 2064 उजाडेल. मधली पस्तीस वर्षं तिनं कशीबशी काढायची.

याच नियमात आणखी एक अट आहे. व्हिंटेज ठरायला गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालणार नाही. जगभरच्या हौशी लोकांचा निकष असाच असतो, आणि मेबॅकला तो शोभतोही. अँबेसिडरला तो लावला की कोण उरतं बघा. एखाद्या संस्थानिकाच्या नाहीतर उद्योगपतीच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली, फारशी न पळालेली, मागच्या सीटवर अजून पांढरं कव्हर असलेली गाडी पास होणार. 1972 ची, तीन वेळा रीबोअर झालेली, मग डिझेल इंजिन पोटात घेतलेली, उद्यमनगरातल्या बुशवर चालणारी, चार मालक आणि दोन मिस्त्री बघितलेली गाडी पन्नाशी ओलांडूनही त्या यादीत बसत नाही. तिला दर पाच वर्षांनी आरटीओच्या मैदानात रांगेत उभं राहायचंय, पुढे स्विफ्ट, मागे बोलेरो. तपासणीत पास झाली तर रस्त्यावर, नाहीतर किलोच्या भावानं पुन्हा फाउंड्रीच्या भट्टीत.