पहिला पासवर्ड कुणी चोरला?

हॅकर म्हटलं की हुडी घालून अंधारात बसलेला कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. सिनेमांची कृपा. पासवर्डचोरीची जी सगळ्यात जुनी गोष्ट मला माहीत आहे, तिचा नायक मात्र पीएचडी करणारा विद्यार्थी आहे. त्याला कुणाचं गुपित नको होतं, कॉम्प्युटरवर थोडा जास्त वेळ हवा होता.

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ ही यंत्रणा दाखवली. खोलीभर पसरलेला एक कॉम्प्युटर आणि तो एकाच वेळी वापरणारे अनेक जण. म्हणून प्रत्येकाला वेळ वाटून दिलेला, फाइली वेगळ्या, आणि ‘हा मीच’ हे सांगायला पासवर्ड. तिजोरीच्या किल्लीपेक्षा तो रेशनकार्डासारखाच जास्त होता. पुढची बरीचशी भानगड इथूनच सुरू होते.

अॅलन शेर या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे, ते त्याला पुरेनात. फाइल छापून हवी असेल तर पंचकार्डावर तशी विनंती द्यायची, अशी तिथे सोय होती. १९६२ मध्ये त्याने एका शुक्रवारी रात्री पासवर्डच्या फाइलचीच विनंती टाकली आणि शनिवारी सकाळी जाऊन कागद उचलला. यंत्रणेने त्याला हवं ते मुकाट्याने छापून दिलं होतं! हे त्याने कबूल केलं ते जवळपास पंचवीस वर्षांनी.

१९६६ मध्ये तर चोराचीही गरज पडली नाही. एक जण पासवर्डची फाइल सुधारत होता, दुसरा सगळ्यांना दिसणारा रोजचा संदेश. एडिटर दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होता. अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले.

दोन्ही वेळी दुखणं एकच: पासवर्ड वाचता येईल असा ठेवलेला होता. उपाय म्हणजे हॅशिंग. डाळ दळली की पीठ होतं, पिठाची पुन्हा डाळ होत नाही. यंत्रणेने फक्त पीठ ठेवायचं. तुम्ही पासवर्ड टाकला की तो दळायचा आणि पीठ जुळतंय का बघायचं. पण मग हल्लेखोर अख्खा शब्दकोश दळून ठेवतो. म्हणून प्रत्येकाच्या डाळीत वेगळं, चिमूटभर मीठ टाकतात. खरंच, त्याला ‘सॉल्ट’च म्हणतात. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं पडतं.

बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये हे सगळं नीट मांडलं. त्यांनी जमवलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, फारच छोटे, साधे किंवा शब्दकोशातले निघाले. आणि १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या वर्मने जे मार्ग वापरले, त्यांत ४३२ शब्दांची यादी घेऊन पासवर्ड ओळखणं हाही एक होता. तो वर्म लिहिणारा कॉर्नेलचा विद्यार्थी या मॉरिस यांचाच मुलगा. असं कथेत लिहिलं तर संपादक ‘ओढूनताणून जुळवलंय’ म्हणून परत पाठवतील.

मला राग येतो तो त्यानंतरच्या काळाचा. २००९ मध्ये ‘रॉकयू’चे ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, ते सरळ वाचता येतील असे साठवलेले होते. २०१२ मध्ये ‘लिंक्डइन’चे फुटले, ते दळलेले, पण अळणी. १९७९ चा तो निबंध मोजून चारच पानांचा आहे हो!

तुमच्या कॉलेजच्या पोर्टलवर ‘फरगॉट पासवर्ड’ दाबून बघा. नवा बनवायची लिंक आली तर ठीक. तुमचा जुनाच पासवर्ड मेलमध्ये आला, तर तिथे अजून १९६२ चालू आहे. तो पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल, तर आजच बदला.

कॉर्बातो २०१९ मध्ये गेले. त्याआधी पाच वर्षं, एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं होतं, की आपले दीडशेएक पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून ते टाइप करून ठेवलेत. तीन पानं झाली होती.