छत्रापासून वसतिगृहापर्यंत : तंजावरचे दान आणि विद्यार्थ्याचा हक्क

प्रस्तावना

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाताना आधी तिरुविडैमरुदूर आणि मग आडुतुरै लागते. कावेरीच्या खोऱ्यातील हा भातशेतीचा मुलूख तंजावरच्या मराठी राज्याचा भाग होता. १७९८ मध्ये गादीवरून दूर केलेले अमरसिंह राजे तिरुविडैमरुदूर येथेच राहत होते. त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) ज्या छत्रांची व्यवस्था पाहिली, त्यांपैकी काहींत विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची आणि शिक्षणाची सोय होती.

महाविद्यालयीन वसतिगृहाचा विचार करताना आपण सहसा आजच्या नियमपुस्तिकेपासून सुरुवात करतो. या टिपणात आपण दोनशे वर्षे मागे जाऊन एक प्रश्न विचारणार आहोत. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा हक्क कशावर उभा असतो : दात्याच्या इच्छेवर, संस्थेच्या नियमांवर, की कायद्यावर?

१. राजाचे छत्र : सोय होती, दावा नव्हता

मराठीत आपण अन्नछत्र म्हणतो. तमिळ प्रदेशात ‘छत्रम्’ म्हणजे प्रवाशांना उतरण्याची व जेवणाची सोय असलेली धर्मादाय वास्तू. तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर राजघराण्याने अशी अनेक छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी जमिनी लावून दिल्या. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, ठरावीक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. छत्रांच्या जमिनीही जातील, ही चिंता होती. म्हणून १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून छत्रांचे कामकाज सविस्तर सांगितले. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत सर्व वाटसरूंना येथे अन्न मिळते. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे का, हे विचारले जाते. प्रत्येक छत्रात वेदांचे अध्यापक, एक पंतोजी आणि वैद्य असतात. अनाथ मुले पंतोजींच्या देखरेखीखाली ठेवली जातात. त्यांना तीन वेळा जेवण, कपडे, औषध आणि आवडीच्या विद्येचे शिक्षण मिळते, आणि पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही केला जातो, असे राजे लिहितात.

हे साधन वाचताना काळजी घ्यावी लागते. हे पत्र म्हणजे एक विनंती आहे. लिहिणाऱ्याला जमिनी वाचवायच्या आहेत. त्यामुळे ते प्रत्यक्ष व्यवहाराचा अहवाल म्हणून न वाचता आदर्शाचे वर्णन म्हणून वाचावे. तरीही आपल्या विषयासाठी त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. पत्रात मुलाला काय मिळते याची यादी आहे; पण ते मिळाले नाही तर त्याने कोणाकडे जावे, याचा उल्लेख नाही. राजधर्म हाच आधार होता आणि राजा हेच अपिलाचे ठिकाण.

२. इंग्रजी कायदा : मालमत्तेचे रक्षण

मद्रास इलाख्यात १८१७ चा सातवा रेग्युलेशन आला. देवळे, मशिदी, विद्यालये, पूल आणि छत्रे यांसाठी दिलेल्या जमिनींचे व पैशांचे उत्पन्न मूळ हेतूसाठीच वापरले जावे, हा त्याचा उद्देश होता. देखरेख बोर्ड ऑफ रेव्हेन्यूकडे होती. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले आणि राजघराण्याची छत्रे सरकारच्या व पुढे जिल्हा बोर्डाच्या कारभारात आली.

हा मोठा बदल होता. दान आता राजाच्या मर्जीवर राहिले नाही. दात्याचा हेतू कायद्याने बांधला गेला. पण या कायद्यात पक्ष कोण होते? दाता, मालमत्ता आणि सरकार. छत्रात जेवणारा व शिकणारा मुलगा लाभार्थी होता, पक्षकार नव्हता. दिवाणी प्रक्रिया संहितेने सार्वजनिक न्यासाबाबत दोन किंवा अधिक हितसंबंधी व्यक्तींना महाधिवक्त्याच्या परवानगीने दावा लावण्याची वाट दिली (१९०८ च्या संहितेतील कलम ९२). परगावाहून आलेल्या गरीब विद्यार्थ्याला ही वाट किती परवडणारी होती, याचा अंदाज करणे कठीण नाही.

३. पंक्तीचा प्रश्न : वसतिगृह कोणाचे?

विसाव्या शतकात वाद मालमत्तेवरून पंक्तीवर आला. तिरुनेलवेलीजवळ चेरन्महादेवी येथे व. वे. सु. अय्यर यांनी १९२२ मध्ये गुरुकुल सुरू केले. त्याला काँग्रेसचा सार्वजनिक निधी मिळाला होता. तेथे काही ब्राह्मण मुलांना वेगळे जेवण दिले जाते, हे उघड झाल्यावर १९२४–२५ मध्ये मोठा वाद झाला. पेरियार ई. वे. रामसामी यांनी १९२५ मध्ये काँग्रेस सोडली, त्यामागील कारणांत हा वाद होता. सार्वजनिक पैसा घेतला की खासगी रूढी पाळता येते का, हा मूळ मुद्दा होता.

तंजावरातही तोच मुद्दा उभा राहिला. छत्रांच्या उत्पन्नावर चालणारी विद्यार्थ्यांची सोय कालांतराने मुख्यतः संस्कृत शिकणाऱ्या ब्राह्मण मुलांपुरती राहिली होती, आणि जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी ती इतरांना खुली केली, असे द्रविड चळवळीच्या इतिहासात सांगितले जाते. ‘दात्याचा हेतू’ या शब्दांचा अर्थ कोण लावणार, हे येथे निर्णायक ठरले.

याच काळात महाराष्ट्रात दोन वेगळी उत्तरे दिसतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून विविध जातींसाठी वसतिगृहांना जागा व मदत दिली. जी जात शिक्षणाबाहेर होती तिला स्वतःचे दार मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंक्तीत आणले.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न कायद्याच्या भाषेत आला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याच्या पाचव्या कलमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून वसतिगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. प्रवेशानंतर भेदभाव करणे हाही गुन्हा ठरला. दार उघडले तरी ताट वेगळे ठेवता येते, हे त्या कायद्याने ओळखले होते.

४. मृत्यूनंतर आलेले कायदे

आडुतुरैच्या आसपासच्याच दोन घटनांनी पुढचा इतिहास घडवला. नोव्हेंबर १९९६ मध्ये चिदंबरम येथील अण्णामलै विद्यापीठात वैद्यकीय शाखेच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा वसतिगृहात एका वरिष्ठ विद्यार्थ्याने खून केला. त्यानंतर १९९७ चा तमिळनाडू रॅगिंग प्रतिबंध कायदा आला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये असा कायदा केला. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तक्रारीकडे दुर्लक्ष करणाऱ्या संस्थाप्रमुखालाही जबाबदार धरले आहे. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर लागू होणारे विनियम केले : रॅगिंगविरोधी समिती व पथक, विद्यार्थी व पालकांचे प्रतिज्ञापत्र, नवागतांच्या निवासावर विशेष लक्ष.

दुसरी घटना १६ जुलै २००४ ची. कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकाच्या जागी लागलेली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. ही शाळा होती, वसतिगृह नव्हे. पण त्या निमित्ताने दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित इमारत हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला (अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार).

२०१४ मध्ये तमिळनाडूने महिला व मुलांच्या वसतिगृहांसाठी स्वतंत्र नियमन कायदा केला; अशी वसतिगृहे परवान्याशिवाय चालवता येत नाहीत. पण नावातच मर्यादा आहे : भाड्याच्या खोलीत राहणारा एकोणीस वर्षांचा मुलगा त्यात येत नाही.

संरक्षण आणि नियंत्रण यांतली सीमाही न्यायालयात तपासली गेली. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहातील मोबाइलबंदीला विरोध केल्यामुळे काढलेल्या विद्यार्थिनीला परत घेण्याचा आदेश दिला. इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडलेला आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे वसतिगृहाची शिस्त संविधानाच्या बाहेर नाही.

समारोप

या प्रवासात कायद्याने आधी छत्राची जमीन जपली, मग दात्याचा हेतू, आणि छपराखालच्या विद्यार्थ्याकडे तो फार उशिरा वळला. तेही बहुधा कोणाचा तरी जीव गेल्यावर. आज विद्यार्थ्याच्या हाती तक्रारीचा मार्ग आहे, आणि ती ऐकण्याची जबाबदारी कोणाची हेही लिहिलेले आहे. सरफोजींच्या छत्रातील अनाथ मुलाकडे ते नव्हते.

मात्र उलट बाजूही पाहावी. आजचे बहुतेक कायदे वसतिगृहाच्या आत काय घडू नये, हे सांगतात. महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या प्रत्येक गरजू विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळालीच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदेशीर हक्क मात्र नाही. परगावच्या मुलाला राहायला जागा, जेवण आणि वैद्य मिळावा, ही १८०१ च्या पत्रातली अपेक्षा अजून योजनांवर, गुणवत्ता यादीवर आणि रिकाम्या खाटांवर अवलंबून आहे.

विचारासाठी प्रश्न

१. सरफोजींच्या १८०१ च्या पत्राचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना कोणती काळजी घ्याल?
२. ‘लाभार्थी’ आणि ‘हक्कदार’ यांतील फरक १८१७ चा रेग्युलेशन व १९९७ चा कायदा यांच्या आधारे स्पष्ट करा.
३. शाहू महाराज व भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांमागील विचारांची तुलना करा.
४. आपल्या वसतिगृहाची नियमावली वाचा. तीत विद्यार्थ्याची कर्तव्ये किती आणि संस्थेची किती, हे मोजा.