अंदमानची किनारवाट आणि चांद्याचं जंगल

कुरखेड्याहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. आमच्याकडे सती नदी आहे. पण तिचं पाणी पुढे वैनगंगेला मिळतं, वैनगंगेचं प्राणहितेत, प्राणहितेचं गोदावरीत आणि गोदावरीचं बंगालच्या उपसागरात जातं. ज्या समुद्राला आपल्याकडे ‘काळं पाणी’ म्हटलं गेलं, तो हाच. त्यामुळे गडचिरोलीच्या माणसाला अंदमान परकं वाटायचं तसं कारण नाही. इतिहास पाहिला तर अजिबातच नाही.

माझ्यासारखे आयटीतले लोक अंदमानला जातात ते उरलेल्या रजा संपवायला. पॅकेज ठरलेलं असतं: पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं हॅवलॉक. पोर्ट ब्लेअरची किनारवाट त्यात नसते. अ‍ॅबरडीनच्या वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सपासून निघून मरीना पार्कवरून दक्षिणेला कॉर्बिन्स कोव्हच्या पुळणीपर्यंत समुद्राला चिकटून रस्ता जातो. पाणी सतत डाव्या हाताला. डिसेंबरातही अंगाला घाम चिकटतो आणि पाच वाजता दिवस मावळायला लागतो. काही तासांची चाल आहे. तुम्ही गेलात तर ही वाट चुकवू नका, आणि चालताना 1858 हे साल डोक्यात ठेवा.

त्या वर्षी 10 मार्चला डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर सुमारे 200 कैदी घेऊन इथे उतरला. 1857 च्या उठावातल्या शिक्षा झालेल्यांना ठेवायला इंग्रजांना जागा हवी होती. मरीना पार्कच्या समोर दिसणारं रॉस बेट त्यानं मुख्यालयासाठी निवडलं. जंगल तोडायचं काम कैद्यांचं.

आता त्याच आठवड्यातलं चांदा पाहा. नागपूरचं राज्य खालसा होऊन चार वर्षं झाली होती. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी 7 मार्चला राजगड परगण्यावर हल्ला केला, आणि 13 मार्चला नांदगाव-घोसरीजवळ कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेला मागे रेटलं. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. म्हणजे वॉकर अंदमानात पहिली झाडं पाडायच्या तयारीत होता, तेव्हा इकडे प्राणहितेच्या खोऱ्यात त्याच सरकारविरुद्ध जंगल उठलं होतं.

29 एप्रिलच्या रात्री चिंचगोंडीला तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. मग सरकारनं सगळी ताकद लावली. अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्या मदतीनं बाबुराव पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आज आपल्याकडे त्यांचे पुतळे आहेत, जयंती होते. व्यंकटराव मात्र बस्तरमध्ये निघून गेले होते. 1860 मध्ये बस्तरच्या राजानं त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं. त्यांना शिक्षा झाली जन्मभर काळ्या पाण्याची, आणि सगळी मालमत्ता जप्त. त्यांचं नाव गावातल्या शाळकरी पोराला विचारून पाहा, क्वचितच कोणी सांगेल.

किनारवाटेवर परत येऊ. वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सच्या आवारात एक स्मारक आहे, ते लोक जेट स्कीच्या रांगेत उभे असताना ओलांडून जातात. ते आहे अ‍ॅबरडीनच्या लढाईचं. ज्यांचं हे बेट होतं, त्या ग्रेट अंदमानी लोकांना जंगलतोड दिसत होती. 1859 च्या एप्रिलमध्ये त्यांनी तोड करणाऱ्या कैद्यांवर हल्ले केले. इंग्रजांच्या नोंदींत एक तपशील आहे, तो मला विसरता येत नाही: ज्यांच्या पायात लोखंडी कडी होती, त्या कैद्यांना हल्लेखोरांनी खुणेनं बाजूला व्हायला सांगितलं आणि सोडून दिलं. भाषा एक नव्हती, पण कोण आपखुशीनं आलंय आणि कोण बांधून आणलेलं आहे, हे त्यांना कळत होतं.

17 मे ला मोठा हल्ला व्हायचा होता. त्याची खबर आधीच दिली दूधनाथ तिवारी यानं. तोही 1857 चाच बंडखोर शिपाई. चिंचगोंडीच्या घटनेच्या सहाच दिवस आधी, 23 एप्रिल 1858 ला तो पळाला होता. सोबतचे लोक अंदमानींच्या बाणांनी मेले, हा जखमी होऊन वाचला. त्याच लोकांनी त्याला ठेवून घेतलं. लिपा आणि जिगा या दोघींशी त्याचं लग्न लागलं, लिपाला दिवस गेले होते. वर्षभरानं तो परतला आणि त्यानं बेत फोडला. एका बाजूला धनुष्यबाण, दुसरीकडे सज्ज बंदुका आणि किनाऱ्याजवळ उभ्या गलबतावरच्या तोफा. निकाल सांगायला नको. तिवारीला माफी मिळाली, तो गावी गेला.

त्याला गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्या वॉकरकडे तो परतला, त्यानं पळून पकडल्या गेलेल्या 80 हून जास्त कैद्यांना एका दिवसात फाशी दिलं होतं. मला तिवारीपेक्षा त्याला परत बोलावणारी व्यवस्था मोठी वाटते. तिनं एका मुलखातल्या बंडखोराच्या हातात कुऱ्हाड दिली आणि दुसऱ्या मुलखातल्या बंडखोरांसमोर उभं केलं. दोघांचा शत्रू एकच होता, तरी किनाऱ्यावर ते एकमेकांसमोर आले.

वाटेवर पुढे जपान्यांचे काँक्रीटचे बंकर लागतात. 1942 ते 1945 ही बेटं त्यांच्या ताब्यात होती. मागे टेकाडावर सेल्युलर जेल दिसत राहतं. ते बांधून झालं 1906 मध्ये, म्हणजे वसाहत सुरू होऊन अठ्ठेचाळीस वर्षांनी. सावरकर तिथे 1911 मध्ये आले. मराठी माणसाचं अंदमान बहुतेक या इमारतीपासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्याआधीच्या अठ्ठेचाळीस वर्षांतल्या बहुतेक कैद्यांना कोठड्या नव्हत्या. त्यांचा तुरुंग म्हणजे हे जंगलच होतं, आणि ते त्यांनाच तोडायचं होतं. तोडलेलं लाकूड कापायला चॅथम बेटावर 1883 मध्ये सॉ मिल उभी राहिली. आपल्याकडेही 1865 आणि 1878 च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झालं आणि चांद्याचा साग डेपोत जाऊ लागला.

कॉर्बिन्स कोव्हला नारळपाणी मिळतं आणि पुळण छान आहे. हे नाव पाद्री हेन्री कॉर्बिन याचं. 1863 मध्ये रॉस बेटावर अंदमानींना ‘सुधारण्यासाठी’ घर उघडलं गेलं, ते त्याच्या देखरेखीखाली. अशा घरांतून आणि वसाहतीच्या संपर्कातून रोग पसरले. 1877 च्या गोवरानं तर माणसं भराभर गेली. 1858 मध्ये हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी 1901 च्या जनगणनेत 625 उरले, 1961 मध्ये 19. बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, 2010 च्या जानेवारीत वारल्या. त्या भाषेतली झाडांची, माशांची, वाऱ्यांची नावं त्यांच्यासोबत गेली.

इतिहासात ‘जंगल गेलं’ असं आपण सहज लिहितो. अंदमानात कळतं की जंगल एकटं जात नाही. झाडाच्या मागोमाग माणूस जातो आणि सगळ्यात शेवटी त्याचे शब्द. आमच्याकडे हा क्रम मध्येच अडला. गडचिरोलीत 2006 च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांनी सामूहिक हक्क मिळवले. आज कितीतरी गावं तेंदूपानाचा, बांबूचा लिलाव स्वतः करतात. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिथली पोरं झाडांची नावं अजून गोंडीत शिकतात. बाबुराव आणि व्यंकटराव हरले, पण त्यांच्या मुलखात ही नावं घेणारं कोणीतरी उरलं. अ‍ॅबरडीनला धनुष्यबाण घेऊन आलेल्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.