चंद्रावरचे डोंगर आणि दोन चित्रकार

चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. मग तिथले डोंगर झिजणार कसे? ते सुळक्यांसारखे टोकदारच असणार, असा तर्क पुष्कळ वर्षे चालत आला. अमेरिकन चित्रकार चेस्ली बोनस्टेल याने तो रंगांत उतरवला. १९४९ साली विली ले याच्या मजकुरासह त्याचे 'द कॉन्क्वेस्ट ऑफ स्पेस' निघाले. छायाचित्रेच वाटावीत अशी ती चित्रे!

परंतु त्याच्या बारा वर्षे आधी, १९३७ मध्ये, फ्रान्समध्ये ल्युसियँ रुदो याचे परग्रहांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले होते. हा गृहस्थ स्वतः दुर्बिणीला डोळा लावून बसणारा. चंद्रबिंबाची कड त्याने न्याहाळली, तर सुळके दिसेनात; गोलसर उंचवटेच दिसले. त्याने तसेच काढले. मला विचाराल तर वर्गात आधी रुदो दाखवावा. मुले मात्र बोनस्टेलच मागतील, हेही ठाऊक आहे.

१९७१ साली अपोलो-१५ चे अंतराळवीर चंद्रावरच्या अपेनाइन पर्वताच्या पायथ्याशी उतरले. छायाचित्रांत डोंगर गोलसरच आले. वारा नसला तरी अब्जावधी वर्षांचा उल्कांचा मारा त्यांना झिजवत आला होता. रुदो १९४७ मध्येच वारला होता. बोनस्टेल त्या वेळी ८३ वर्षांचा होता.